रविवारची सुट्टी गिरणीत आणणारा संपादक : नारायण मेघाजी लोखंडे

रत्नागिरी : गणपतीला, शिमग्याला गावी येणारा चाकरमानी पूर्वी मुंबईत राबायचा कसा, हे आजच्या पोरांना सांगूनही खरं वाटणार नाही. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत गिरणी, आणि आठवड्याची सुट्टी म्हणाल तर नाहीच. त्या गिरण्यांत आपल्या जिल्ह्यातली माणसं ढिगानं होती. त्यांची बाजू मांडणारा माणूस मात्र कोकणच्या वरच्या टोकाचा, ठाण्याचा.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म 1848 चा. शिक्षण बेताचंच. आधी रेल्वेत, मग पोस्टात नोकरी, पुढे मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर. कामगारांचे हाल तिथं डोळ्यांनी बघितले. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाशी ते जोडले गेले. 'दीनबंधू' हे पत्र कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये पुण्यात काढलं होतं. पैशाअभावी ते अडखळलं. 1880 मध्ये लोखंडेंनी ते मुंबईत आणून चालवलं आणि पुढे त्यासाठी गिरणीची नोकरीही सोडली. पदरी संसार असताना हे सोपं नव्हतं.

गुरूशीही त्यांचं खटकलं. 'शेतकऱ्याचा असूड'ची दोन प्रकरणं छापून पुढची त्यांनी थांबवली. फुले नाराज झाले, आणि ते चुकीचे नव्हते.

पण गिरणीच्या प्रश्नावर लोखंडे मागे हटले नाहीत. 1884 मध्ये कामगारांच्या सभा भरवून त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली. साडेपाच हजार कामगारांनी अर्जावर सह्या, अंगठे दिले. मागण्या साध्याच : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत, कामावर जखमी झाला तर बरा होईपर्यंत पगार. मालक सहा वर्षं हलले नाहीत. एप्रिल 1890 मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन बायकांनीही भाषणं केली. अखेर 10 जून 1890 ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

त्याच काळात विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्यांनी न्हावी समाजाला एकत्र केलं. सरकारनं रावबहादूर केलं, तरी लेखणी कामगारांकडेच राहिली.

1897 मध्ये मुंबईत प्लेगनं थैमान घातलं. रुग्णांसाठी धावपळ करताना लोखंडेंनाही लागण झाली, आणि 9 फेब्रुवारीला ते गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. महिनाभरानं, 10 मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुलेही त्याच रोगानं गेल्या.