सर चिमणलाल सेटलवाड

सेटलवाड घराणे मूळचे गुजरातचे. आजोबा अंबाशंकर कंपनी सरकारच्या अमदानीत अहमदाबादेस सदर अमीन होते. चिमणलालांनी मुंबईत वकिलीत लौकिक मिळविला व १९१७ ते १९२९ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. राजकारणात ते नेमस्त. नेमस्तांना सरकारधार्जिणे म्हणणाऱ्यांनी मात्र १९१९ चा नोव्हेंबर महिना आठवावा. जालियनवाला बाग हत्याकांडाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीचे ते सभासद होते. लाहोरास त्यांनी जनरल डायरची शांतपणे उलटतपासणी केली. बागेची वाट रुंद असती तर चिलखती गाड्या आत नेऊन मशीनगनही बहुधा चालविल्या असत्या, ही कबुली त्यांनी त्याच्याच मुखातून वदवून घेतली. पुढे तिघा हिंदी सभासदांनी आपला स्वतंत्र अहवाल सादर केला. १९२४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी स्थापिलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे अध्यक्षपदही चिमणलालांनी स्वीकारले.

त्यांचे चिरंजीव मोतीलाल मुंबई प्रांताचे ॲडव्होकेट जनरल झाले. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला. स्वतंत्र भारताचे पहिले ॲटर्नी जनरल तेच. १९५० पासून सुमारे तेरा वर्षे ते त्या पदावर होते. नातू अतुल यांनीही मुंबईत वकिलीच केली.