सर चंद्रशेखर व्यंकट रामन

चंद्रशेखर व्यंकट रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. त्यांचे वडील कॉलेजात शिकवीत. रामन इतके हुशार की अकराव्या वर्षीच मॅट्रिक पास झाले. म्हणजे माझ्यापेक्षा एकच वर्षाने मोठे!

१९०७ साली त्यांना कलकत्त्याला सरकारी हिशेबखात्यात मोठी नोकरी लागली. पण त्यांचे मन प्रयोगात. बोबाजार रस्त्यावर डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली काढलेली विज्ञान संस्था होती. रामन सकाळी तिथे प्रयोग करीत, मग ऑफिसला जात, आणि संध्याकाळी पुन्हा तिथेच. मध्ये त्यांची बदली रंगूनला आणि आपल्या नागपूरलाही झाली होती.

१९१७ साली कलकत्ता विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक केले. त्यासाठी त्यांनी सरकारी नोकरी सोडली. पगार जवळजवळ निम्मा झाला. आमच्या घरी कोणी असे केले असते तर आजीने केवढा गहजब केला असता!

१९२१ साली ते इंग्लंडहून बोटीने परत येत होते. समुद्र निळाशार दिसत होता. तेव्हा लोक म्हणत, पाण्यात आकाश दिसते म्हणून समुद्र निळा. रामन यांनी खिशातल्या खास काचेतून पाहिले. त्या काचेने पाण्यावरची आकाशाची चमक नाहीशी होते. तरी समुद्र निळाच! मग त्यांनी पाणी आणि इतर द्रवांतून प्रकाश सोडून बघायचे ठरवले. त्यांनी व त्यांचे विद्यार्थी कृष्णन यांनी साठेक द्रव तपासले. एका रंगाचा प्रकाश आत सोडला की त्यातला अगदी थोडा वेगळ्या रंगाचा होऊन बाहेर येतो, असे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी नक्की झाले. यालाच रामन परिणाम म्हणतात. रंग किती बदलतो ते प्रत्येक पदार्थाचे वेगळे असते, जसा आपला प्रत्येकाचा अंगठ्याचा ठसा वेगळा.

म्हणून आज मोठमोठ्या विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत रामन यंत्र असते. पदार्थावर लेसरचा किरण टाकायचा आणि परत आलेला प्रकाश तपासायचा. पदार्थ फोडायला नको की विरघळवायला नको. हिरा आणि आपल्या पेन्सिलीतले शिसे, दोन्ही कार्बनच. पण आतली मांडणी वेगळी, म्हणून यंत्रात रेषा वेगळ्या येतात. मला तर हे ऐकून लई नवल वाटले. २०२१ साली मंगळावर उतरलेल्या गाडीतही असे यंत्र आहे.

१९३० साली रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांना इतकी खात्री होती की जाहीर व्हायच्या आधीच त्यांनी बोटीची तिकिटे काढून ठेवली होती! १९५४ साली भारतरत्न मिळाले. डोक्याला फेटा मात्र ते नेहमी बांधीत. २८ फेब्रुवारीला १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतात, तो त्यांच्याच शोधामुळे.

पुढे ते बंगळूरला गेले आणि १९४८ साली तिथे स्वतःची संस्था काढली. २१ नोव्हेंबर १९७० रोजी ते वारले. संस्थेच्या बागेतच त्यांना अग्नी दिला. समाधी नको असे त्यांनी सांगितले होते, म्हणून तिथे एक झाड लावले आहे.