वॉट आणि आमचं वेल्डिंग मशीन

फायनल इयरला आमच्या ग्रुपच्या वाट्याला वर्कशॉपमागचं जुनं इंजिनवालं वेल्डिंग मशीन आलं. वेल्डिंग थांबलं की थोडी वाट पाहून त्यातलं सर्किट बोर्ड सोलेनॉइडने थ्रॉटल ओढतं आणि इंजिन आयडलला येतं. डिझेल वाचतं. आमचं बोर्ड मात्र घाई करायचं. वर्कशॉपचे मामा रॉड बदलेपर्यंत इंजिन खाली बसायचं. आम्ही दोन आठवडे गव्हर्नरची स्प्रिंग पिळत बसलो. सबमिशनला आठ दिवस उरले तेव्हा सर म्हणाले, आधी जेम्स वॉट वाचा.

वॉट म्हणजे किटलीवाला, एवढंच मला माहीत. लायब्ररीत बसल्यावर कळलं की किटलीची गोष्ट बरीचशी दंतकथाच आहे.

वॉटचा जन्म 1736 चा, स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकचा. लंडनला जेमतेम वर्षभर उपकरणं बनवायला शिकला. पूर्ण उमेदवारी केली नाही म्हणून ग्लासगोच्या कारागीर संघाने त्याला दुकान टाकू दिलं नाही. शेवटी 1757 मध्ये विद्यापीठाने आपल्या आवारात जागा दिली. तिथे 1763 च्या सुमारास न्यूकॉमेन इंजिनाचं मॉडेल दुरुस्तीला आलं. ते दुरुस्त होऊनही चार फेऱ्यांत दम टाकायचं. दुसरा कोणी असता तर बिल लावून मोकळा झाला असता. याने वाफ मोजली. सिलिंडर दर फेरीला गार करायचा आणि परत तापवायचा, यातच बहुतेक वाफ जात होती. 1765 मध्ये वेगळ्या कंडेन्सरची कल्पना सुचली, 1769 मध्ये पेटंट मिळालं. पण इंजिन बाजारात यायला 1776 उजाडलं. मधल्या काळात कर्ज झालं, पैसे लावणारा भागीदार रोबक बुडाला, पोटासाठी कालव्यांचे सर्व्हे केले, 1773 मध्ये बायको गेली. 1775 मध्ये बोल्टनची भागीदारी मिळाली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

गव्हर्नर 1788 चा. वेग वाढला की फिरणारे दोन गोळे बाहेर फाकतात आणि वाफेची झडप मिटते. वेग घटला की उलट. गंमत म्हणजे हा मूळ शोध त्याचा नव्हेच! पवनचक्क्यांत तो आधीपासून होता. बोल्टनने लंडनच्या गिरणीत पाहिला, वॉटने इंजिनाला बसवला आणि पेटंटही घेतलं नाही. 1868 मध्ये मॅक्सवेलने गव्हर्नरचं गणित मांडलं. आपल्याला छळणाऱ्या कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरची मुळं तिथेही आहेत. वॉट 1819 मध्ये गेला.

पुस्तक मिटलं आणि लाज वाटली. आम्ही काहीच मोजलं नव्हतं! दुसऱ्या दिवशी स्टॉपवॉच लावलं. वेल्डिंग थांबल्यापासून इंजिन खाली यायला जेमतेम दोन सेकंद. म्हणजे गव्हर्नर निर्दोष! बोर्डावरचा टायमिंग कपॅसिटर वाळून त्याची क्षमता घटली होती. नवा मोठा कपॅसिटर घातला आणि रेझिस्टरच्या जागी प्रीसेट बसवला. वेळ पंधरा सेकंदांवर गेली, शिवाय हवी तशी कमीजास्त करता येऊ लागली.

मामांनी रॉड बदलला. इंजिन हललं नाही. ते फक्त हसले. आम्हाला व्हायवाच्या मार्कांपेक्षा तेच जास्त वाटलं.

तेव्हा ज्युनिअर मंडळी, पाना उचलण्याआधी मोजा!