जनगणनेतली तुमची माहिती कोर्टातही का चालत नाही? सरदार पटेलांचा एक विसरलेला कायदा

17 सप्टेंबरला बीडमध्ये मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं, तेव्हा सरदार वल्लभभाई पटेलांचं नाव निघतंच. 13 सप्टेंबर 1948 ला हैदराबादवर पोलीस ॲक्शन सुरू झाली आणि पाच दिवसांत निजामाची राजवट संपली. पण त्याच्या बरोबर दहा दिवस आधी, 3 सप्टेंबरला, पटेलांच्याच गृहखात्याचा आणखी एक कायदा झाला होता. जनगणना अधिनियम, 1948. त्याची आठवण कुणी काढत नाही.

पटेल 1875 साली नडियादला जन्मले, शेतकरी घरात. गोध्रा, बोरसदला वकिली केली, मग इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन 1913 मध्ये अहमदाबादला आले. 1928 चा बारडोली सत्याग्रह तर मुळात आकड्यांचं भांडण होतं. जमिनीच्या खंडाचे आकडे दाखवून सरकारने शेतसारा 22 टक्क्यांनी वाढवला. पटेलांनी लढा उभारला, चौकशी झाली आणि वाढ 6 टक्क्यांच्या आसपास आली. सरकारी वहीतला आकडा आपल्यावरच उलटू शकतो, हे या माणसाने जवळून पाहिलं होतं. कायद्याशी याचा थेट संबंध होता असा दावा नाही, पण वाचताना बारडोली आठवते खरी.

तोवर प्रत्येक जनगणनेसाठी तात्पुरता कायदा व्हायचा. पटेलांनी मांडलेला कायदा कायमचा ठरला. त्यात प्रगणकाला खरं उत्तर देणं बंधनकारक आहे. पण बदल्यात कलम 15 सांगतं की तुमची नोंद पाहण्याचा हक्क कुणालाच नाही. जमिनीचा वाद असो की फौजदारी खटला, ती पुरावा म्हणून चालत नाही. अपवाद एकच, याच कायद्याखालचा खटला. प्रगणकाने परवानगीशिवाय माहिती फोडली तर तो गुन्हा. आणि एक गमतीशीर तरतूद: रूढीमुळे नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बाईवर ते सांगण्याची सक्ती नाही! 1948 मध्ये गावोगावच्या बायका उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेत नसत, हे दिल्लीलाही ठाऊक होतं.

इथे एक गल्लत नेहमी होते. राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही, म्हणजे एनपीआर, या कायद्याखाली येत नाही. ती नागरिकत्व कायद्याच्या 2003 च्या नियमांखाली आहे, त्यामुळे कलम 15 चं कवच तिला नाही. घरी कुणी फॉर्म घेऊन आलं तर तो कोणत्या कायद्याखालचा आहे, एवढं जरूर विचारा. येत्या जनगणनेत जातही विचारली जाणार आहे. तिची मुख्य गणना फेब्रुवारी 2027 मध्ये आहे, म्हणजे बीडचे ऊसतोड मजूर फडावर असतात तेव्हाच.

या कायद्याखालची पहिली गणना फेब्रुवारी 1951 मध्ये झाली. बीडची माणसंही तीत मोजली गेली. पटेल मात्र त्या यादीत नव्हते. 15 डिसेंबर 1950 ला, गणनेला दोन महिनेही उरले नसताना, मुंबईत त्यांचं निधन झालं होतं.