पेशंटचा राग येतो, हे भर सभेत सांगणारा डॉक्टर

दारू सोडायला आलेला माणूस तिसऱ्यांदा पिऊन येतो. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन केंद्र असो की सांगली-मिरजेतला मानसोपचाराचा दवाखाना, व्यसनाच्या उपचारात अशी वेळ येतेच. घरचे चिडतात, ते समजू शकतं. पण समोर बसलेल्या समुपदेशकालाच राग आला तर?

या प्रश्नाला थेट हात घातला डोनाल्ड विनिकॉट यांनी.

त्यांचा जन्म 1896 मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथचा. वडील व्यापारी, पुढे शहराचे महापौर झाले. मुलगा डॉक्टर झाला आणि 1923 मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन बालरुग्णालयात लागला. तिथे त्यांनी 40 वर्षं काढली. त्याच सुमारास त्यांनी स्वतःवरही मनोविश्लेषणाचे उपचार सुरू केले, तेही जवळपास दहा वर्षं.

पेशंटमुळे उपचार करणाऱ्याच्या मनात ज्या भावना उठतात, त्यांना काउंटरट्रान्सफरन्स म्हणतात. 1910 मध्ये फ्रॉइडने हा शब्द वापरला, तो मात्र अडचण म्हणून. डॉक्टरने ती ओळखावी आणि तिच्यावर मात करावी, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे झालं काय, तर राग आला तरी बोलायची सोय राहिली नाही.

मग दुसरं महायुद्ध आलं. बॉम्बच्या भीतीने शहरातली मुलं गावोगावी पाठवली गेली. 2019 च्या महापुरात वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांतली माणसं घरं सोडून निघाली, पण बहुतेक कुटुंबासह. इथे शाळकरी मुलं आईबापांशिवाय निघाली होती. कुठेच न टिकणाऱ्या मुलांसाठी वसतिगृहं होती आणि ऑक्सफर्डशायरमधल्या अशा वसतिगृहांचे सल्लागार विनिकॉट होते.

अशाच एका वसतिगृहातून नऊ वर्षांचा एक मुलगा पळाला. सहाव्या वर्षापासून त्याला पळायची सवय. शेवटी विनिकॉट आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी त्याला घरीच ठेवून घेतलं. तीन महिने घराची पार दैना झाली. सुरुवातीला तो पळून जायचा, नंतर घरातच मोडतोड आणि मारामारी करू लागला.

विनिकॉट यांनी त्याला कधी मारलं नाही. तो अनावर झाला की उचलून दाराबाहेर ठेवायचे, मग थंडी असो, पाऊस असो की रात्र. बाहेर एक खास घंटा होती. ती वाजवली की दार उघडायचं आणि झाल्या प्रकाराबद्दल कोणी चकार शब्द काढायचं नाही. मात्र बाहेर ठेवताना ते दरवेळी त्याला सांगत की, तुझ्या या वागण्यामुळे मला तुझा तिरस्कार वाटतो. आजच्या पालकांना हे कठोर वाटेल, आणि ते आहेही. पण हे बोलणं जितकं मुलासाठी होतं तितकंच स्वतःसाठी. मनात दाबून ठेवलं असतं, तर एक दिवस आपला हात सुटला असता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

फेब्रुवारी 1947 मध्ये त्यांनी ब्रिटिश सायकोअॅनालिटिकल सोसायटीसमोर हाच विषय मांडला. 1949 मध्ये तो निबंध छापून आला. आपला राग आपल्याच जुन्या जखमेतून आलाय की समोरच्याच्या वागण्यातून, हे डॉक्टरने आधी तपासावं. दुसऱ्या प्रकारचा राग खरा असतो आणि तो नाकारला तर उपचारच खोटे होतात, हा त्याचा गाभा. एक बारकावा तर मजेशीर आहे. ठरलेली वेळ संपली की डॉक्टर पेशंटला उठवतो, त्यातच त्याचा थोडा राग निघून जातो!

त्यांनी आईलाही यात आणलं. आईला बाळाचा राग का येतो, याची लांबलचक यादीच दिली. तरी ती बाळावर सूड उगवत नाही, अंगाईत तो राग मुरवते. त्या इंग्रजी अंगाईत फांदी मोडून पाळणा खाली पडतो. आपल्याकडचा बागुलबुवाही फार लांबचा नाही.

त्याच युद्धकाळात त्यांना समाजसेविका क्लेअर ब्रिटन भेटल्या. पहिलं लग्न मोडल्यावर 1951 मध्ये दोघांनी लग्न केलं. जानेवारी 1971 मध्ये विनिकॉट गेले.

तो मुलगा पुढे सुधारगृहात गेला. पण विनिकॉट दांपत्याशी त्याचं नातं टिकलं, त्याच्या आयुष्यात टिकलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक.