वाल्डर्सबाखचे पाळक ओबरलिन

फ्रान्स देशाच्या पूर्वेस आल्सास नांवाचा प्रांत आहे. तेथील व्होज डोंगरांत वाल्डर्सबाख, बेलफोस, बेलमाँ, फूदे व सोल्बाख ह्या पांच खेड्यांची मिळून एक मंडळी होती. जमीन खडकाळ, उतार असा कीं, पावसाबरोबर माती वाहून जावी. आणि उंच भागीं सप्टेंबरांत सुरू झालेली थंडी मे महिना उजाडला तरी हटत नसे. आपल्याकडे शरद ऋतु म्हणजे आकाश निवळण्याचा व पिकें डोलण्याचा काळ. तिकडे मात्र तो पानगळीचा काळ. झाडें पिवळीं तांबडीं होतात, लवकरच उघडीं पडतात, आणि जें कांहीं तोंवर घरांत आलें असेल त्यावर पुढील हिंवाळा काढावयाचा असतो. अशा ठिकाणीं एका पाळकानें एकोणसाठ वर्षें लोकांस पेरणें, शिकणें व देवाचे आभार मानणें हीं एकत्रच शिकविलीं, त्याची हकीकत आम्ही आज सांगणार आहों.

योहान फ्रेडरिक ओबरलिन ह्यांचा जन्म स्ट्रासबुर्ग शहरीं 1740 सालीं, एका शिक्षकाच्या घरीं झाला. 1767 सालीं, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, ते ह्या डोंगरांत आले. त्यांच्या पूर्वीचे पाळक स्टूबर ह्यांनीं प्रथम येऊन शाळा पाहूं मागितली, तेव्हां त्यांस एका झोंपडींत नेण्यांत आलें. तेथें एक म्हातारा पडलेला होता. तो गांवचीं डुकरें राखीत असे. तें काम झेंपेना, म्हणून गांवानें त्याला मुलें राखावयास दिलीं! आपण कांहीं शिकवीत नाहीं, कारण आपणांस कांहीं येत नाहीं, असें त्यानें सरळ सांगितलें. शिक्षकाच्या कामाची अप्रतिष्ठा इतकी कीं, बरा मनुष्य तें पत्करीना. आमचे कित्येक वाचक स्वतः शाळामास्तर आहेत. त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

ओबरलिन ह्यांनीं शाळा बांधावयाचें काढलें, तेव्हां लोकांनीं खर्चाच्या भीतीनें विरोध केला. गांवावर बोजा पडूं देणार नाहीं, असें वचन देऊन त्यांनीं बाहेरून मदत मिळविली. पुढें रस्त्याचें काम निघालें. बाहेरच्या जगाकडे जाण्यास धड वाट नव्हती. उपदेश ऐकून लोकांनीं नुसत्या माना हालविल्या. तेव्हां पाळक स्वतः खांद्यावर कुदळ टाकून निघाले व दगड फोडूं लागले. हळूहळू गांव मागें आला. खडक फुटले, भिंती उभ्या राहिल्या, आणि ब्रूश नदीवर पूल झाला. त्यास लोकांनीं प्रीतीचा पूल असें नांव दिलें.

त्यांची शिकविण्याची रीत आम्हांस फार आवडते. शहरांत वाढलेला मनुष्य शेतीचें सांगूं लागला तर शेतकरी हंसणारच. म्हणून ते शेतीवर व्याख्यान देत बसले नाहींत. ज्या पाऊलवाटांनीं लोकांचें येणेंजाणें होतें त्यांच्याच कडेस त्यांनीं आपल्या बागेंत खोल चर खणले, खत भरलें व फळझाडें लाविलीं. झाडें फोफावलीं. जाणारायेणारा थांबूं लागला, आणि एक दिवस विचारूं लागला. मग काय, शिकविण्यास उशीर लागला नाहीं! तेथील बटाट्याचें बीं खराब होऊन पीक घटलें होतें. त्यांनीं बाहेरून नवें बीं आणविलें. गळलेलीं पानें, शेवाळ, चिंध्या हीं पूर्वीं वायां जात. तीं गोळा करून कुजवून खत करावें, असें त्यांनीं शिकविलें. त्यामुळें पानगळीच्या दिवसांत मुलांस काम मिळालें व शेतास अन्न मिळालें. दृढीकरणास येणाऱ्या मुलांनीं आधीं दोन झाडें लावावीं, असा त्यांचा नियम होता. पाळकानें खतांत हात घालणें हें कांहींजणांस उणेपणाचें वाटेल. ओबरलिन ह्यांस वाटलें नाहीं, आणि आम्हांसही वाटत नाहीं.

लहान मुलांचें काम त्यांनीं स्त्रियांवर सोंपविलें. आईबाप रानांत गेले कीं, तीन-चार वर्षांचीं मुलें उघड्यावर पडत. बेलमाँ येथें सारा नांवाची एक तरुणी आपल्या घरीं मुलांस विणकाम शिकवीत असे; हें ऐकून त्यांनीं 1770 च्या सुमारास तसे वर्ग गांवोगांवीं सुरू केले. शेगडीच्या उबेंत मुलें सुया चालवीत, शास्त्रांतील कथांचीं चित्रें पाहत, गाणीं म्हणत, आणि रानांतून आणिलेल्या वनस्पतींचीं नांवें सांगत. कोणती खाण्याची, कोणती विषारी, हें मुलांस ठाऊक असे. ही नुसती करमणूक नव्हती. दुष्काळांत ह्या ज्ञानावर घरें तगत.

त्यांचें घर दुःखावांचून राहिलें नाहीं. 1783 सालीं पत्नी वारली व मागें लहान मुलें राहिलीं. पत्नीचा आत्मा आपणांस भेटतो असें ते पुढें कित्येक वर्षें मानीत. ह्याचा उलगडा आम्ही करूं इच्छीत नाहीं. 1793 सालीं वडील मुलगा लढाईंत पडला. राज्यक्रांतीच्या धामधुमींत उपासनेस बंदी झाली, आणि 1794 सालीं त्यांस पकडूनही नेलें. परंतु थोड्याच दिवसांत राज्यकर्ते पालटून त्यांची सुटका झाली. 1816 सालीं युरोपभर उन्हाळा थंड व पावसाळी गेला, पिकें बुडालीं, आणि पुढचें वर्ष उपासमारीचें आलें. त्या वेळीं त्यांचें वय शहात्तर वर्षांचें होतें. खोऱ्यांत आलेल्या रेशमी फितींच्या विणकामानें तेव्हां पुष्कळ घरांस आधार दिला.

पत्नीच्या पश्चात् घर सांभाळिलें तें लुईझ शेप्लर हिनें. ती बेलफोसची गरीब मुलगी. दासी म्हणून आली व बालवर्गाची शिक्षिका झाली. 1793 सालीं तिनें पाळकांस पत्र लिहून विनंती केली कीं, मला वेतन नको, मुलगी म्हणून ठेवा. त्यांनीं तसें ठेविलें. बर्फांतून एका गांवाहून दुसऱ्या गांवीं शिकवावयास जाण्याचा तिचा क्रम वर्षानुवर्षें चालला.

ओबरलिन 1 जून 1826 रोजीं प्रभूमध्यें निजले. फूदेच्या देवळाकडे जाणारी रांग इतकी लांब होती कीं, पुढचे लोक देवळीं पोंचले तरी शेवटचे वाल्डर्सबाखच्या बाहेर पडले नव्हते. त्यांत रोमन काथलिक लोकही होते. तीन वर्षांनीं फ्रेंच विद्वत्सभेनें लुईझ हिला 5000 फ्रँकांचें बक्षीस दिलें. तें तिनें गोरगरिबांच्या कामीं लाविलें, आणि ती पुन्हां आपल्या मुलांकडे गेली.