विश्लेषण : शं. बा. दीक्षित कोण होते? घरच्या दुर्बिणीशी त्यांचा काय संबंध?

परतीचा पाऊस आटोपला, कापूस वेचणीला आला, की यवतमाळ जिल्ह्यातले रात्रीचे आकाश मोकळे होते. हौशी मंडळींच्या दुर्बिणी याच दिवसांत गच्चीवर निघतात. चंद्रावरची विवरे पाहून होतात, गुरूचे चार चंद्र दिसतात आणि मग पुढे कुठे बघायचे हे न कळल्याने दुर्बीण माळ्यावर जाते. बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसतो, आकाशाशी ओळखच झालेली नसते. ही ओळख मराठी वाचकाला करून देणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेले.

शाळामास्तर की ज्योतिर्विद?

दोन्ही. दीक्षितांचा जन्म १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीजवळच्या मुरुड गावी झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात ते शिकले, १८७४ मध्ये मॅट्रिक झाले आणि पुढचे सगळे आयुष्य त्यांनी शिक्षकाच्या नोकरीत काढले. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुणे असा त्यांचा बदल्यांचा प्रवास. पदवी नाही, वेधशाळा नाही. शाळा सुटल्यावर संस्कृत सिद्धान्तग्रंथ वाचायचे, त्यातली गणिते सोडवायची आणि ती आकाशाशी जुळतात का हे तपासायचे, असा त्यांचा उद्योग होता.

१८९२ मध्ये त्यांचे ‘ज्योतिर्विलास’ प्रसिद्ध झाले. त्याचे जोडनाव होते ‘रात्रीची दोन घटका मौज’. घटका म्हणजे २४ मिनिटे, म्हणजे दोन घटका ४८ मिनिटांच्या. दुर्बीण लावणाऱ्याने हा हिशेब लक्षात ठेवावा. उजेडातून अंधारात आल्यावर डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, म्हणजे जवळपास पहिली घटका त्यातच जाते. मधेच मोबाइलचा पांढरा पडदा पाहिला की ती पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

कृत्तिकांचा शोध काय होता?

दीक्षितांचे नाव जगभरच्या अभ्यासकांपर्यंत गेले ते कृत्तिकांमुळे. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे ढळतात, अशा अर्थाचा उल्लेख आहे. हे विधान अनेकांनी वाचले होते. दीक्षितांनी ते निरीक्षण म्हणून घेतले आणि प्रश्न विचारला : कृत्तिका अगदी पूर्वेला कधी उगवत होत्या?

पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डोलतो. त्यामुळे ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा शतकानुशतके सरकत राहतात. क्रांतिवृत्तावर हा फरक ७२ वर्षांत सुमारे एक अंश एवढा असतो. याच गतीला अयनगती म्हणतात. दीक्षितांनी मागे मोजत नेले, तेव्हा कृत्तिका ठीक पूर्वेला उगवण्याचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे असा आला. यावर आक्षेपही आहेत. त्या वाक्यातली पूर्व दिशा ढोबळ अर्थाने आली असेल, तिच्यावरून काल ठरवता येणार नाही, असे मानणारे अभ्यासक तेव्हाही होते आणि आजही आहेत. वाद मिटलेला नाही. पण जुन्या ग्रंथातले वाक्य क्षितिजावर नेऊन तपासण्याची दीक्षितांची रीत मात्र निर्विवाद मोलाची होती आणि तिला दुर्बिणीची गरज नव्हती.

आज यवतमाळच्या शिवारात उभे राहून पाहिले, तर कृत्तिका ठीक पूर्वेच्या सुमारे २६ अंश उत्तरेला उगवतात. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते. पूर्वेपासून डावीकडे अडीच मुठी मोजल्या की जागा सापडते. नोव्हेंबरात दिवस मावळता मावळता हे करून पाहता येते. पूर्व मात्र होकायंत्राने नीट ठरवावी. घराच्या दाराचे तोंड पूर्वेला आहे यावर विसंबू नये.

पंचांगाचा वाद कशावरून?

अयनगतीवरूनच. वर्ष ताऱ्यांवरून मोजायचे की ऋतूंवरून? ताऱ्यांवरून मोजले तर ते निरयन, ऋतूंवरून मोजले तर सायन. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर दीक्षितांनी सायन पंचांगाचा पक्ष घेतला आणि शके १८०६ पासून, म्हणजे १८८४ पासून, तसे पंचांग काढले. जुन्या गणिताची पंचांगे तर समोर होतीच. शिवाय केरूनाना छत्रे यांनी नव्या वेधांवर बसवलेले, पण निरयन असलेले पटवर्धनी पंचांगही होते. सण कोणत्या दिवशी करायचा, हा घराघरातला प्रश्न होता. लोकांनी सायन पंचांग स्वीकारले नाही.

दीक्षितांचा मुद्दा मात्र अंगणात तपासता येतो. एक मीटरची सरळ काठी उभी रोवा. यवतमाळला २२ डिसेंबरच्या मध्यान्ही तिची सावली सुमारे ९६ सेंटिमीटर पडते. वर्षातली ही सर्वांत लांब मध्यान्हसावली; त्यानंतर ती आखडू लागते, म्हणजे उत्तरायण सुरू झालेले असते. मकरसंक्रांतीला, १४ जानेवारीच्या सुमारास, तीच सावली ८९ सेंटिमीटरवर आलेली असते. तिळगूळ वाटला जातो तोवर सूर्य तीन आठवड्यांहून अधिक काळ उत्तरेकडे चाललेला असतो. शेतकऱ्यांचा मृगही ताऱ्यांच्याच हिशेबाचा. तो सध्या ७-८ जूनला लागतो आणि साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. (मृगाचे तारे पेरणीच्या दिवसांत दिसत नाहीत, कारण सूर्यच त्या भागात असतो. ते पाहायचे तर डिसेंबर-जानेवारीची रात्र हवी.)

स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने सायन वर्षावर आधारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका सुचवली. ती २२ मार्च १९५७ पासून लागू झाली. सरकारी कागदावर सायन आणि देवघरात निरयन, अशी वाटणी आजही चालू आहे.

हे सगळे दुर्बिणीला कुठे लागते?

माउंटपाशी. स्वस्त दुर्बिणींपैकी अनेक इक्वेटोरियल माउंटवर येतात आणि तिथेच नवशिक्याची गाडी अडते. या माउंटचा एक आस ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. त्याच्या बाजूला अंशांची पट्टी असते, तिच्यावर आपल्या गावचा अक्षांश लावायचा : यवतमाळला साडेवीसच्या किंचित आत, पुसदला सुमारे वीस. ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच उंच, म्हणजे जेमतेम दोन मुठी वर दिसतो. उत्तरेला झाड किंवा पाण्याची टाकी असेल तर तो झाकला जातो, म्हणून गच्चीचा उत्तर कोपरा मोकळा हवा.

अयनगतीही इथे भेटते. ताऱ्यांच्या नकाशांवर इसवी सन २००० असा काल छापलेला असतो. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत ताऱ्यांचे स्थानांक सुमारे २१ कलांनी, म्हणजे पूर्णचंद्राच्या दोन-तृतीयांश रुंदीएवढे सरकले आहेत. जास्त वर्धनाच्या आयपीसने नुसत्या आकड्यांवरून अंधुक वस्तू शोधली, तर ती हमखास चौकटीबाहेर राहते.

दुसरी अडचण फाइंडरची. तो दिवसाउजेडीच जुळवावा. दूरच्या टॉवरचे टोक मुख्य दुर्बिणीत मधोमध आणावे आणि मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्याही मध्यावर घ्यावे. हे करताना दुर्बीण सूर्याच्या जवळपासही वळवू नये. पुढच्या तोंडावर खात्रीचे सौर गाळणे नसताना सूर्य पाहिला तर डोळा कायमचा जाऊ शकतो.

दीक्षितांचे पुढे काय झाले?

१८९६ हे त्यांचे सर्वांत भरघोस वर्ष. ‘भारतीय ज्योतिःशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा मोठा ग्रंथ मराठीत छापून झाला. त्याला दक्षिणा प्राइझ कमिटीचे बक्षीस मिळाले होते. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर केलेले ‘द इंडियन कॅलेंडर’ लंडनला प्रसिद्ध झाले. शिलालेखांतल्या तिथी आजच्या तारखांत बदलण्याची कोष्टके त्यात आहेत. दोनच वर्षांनी, एप्रिल १८९८ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी दीक्षितांचे निधन झाले. भारत सरकारने पुढे त्यांच्या इतिहासग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले.

मग पहिल्या रात्री काय पाहावे?

कृत्तिकाच. अमावास्येच्या आसपासची रात्र घ्यावी. कार्तिक पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांजवळ असतो, महिन्याचे नाव त्यावरूनच आले. पण त्या उजेडात तारे फिके पडतात. आयपीस सर्वांत कमी वर्धनाचा लावावा. ७०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरचा आयपीस लावला की वर्धन २८ पट होते. एवढ्यात हा पुंजका अख्खा मावतो. तो दोन पूर्णचंद्रांहून रुंद आहे, त्यामुळे वर्धन वाढवले की चौकटीत दोन-तीनच तारे उरतात. साध्या डोळ्यांना सहा-सात तारे मोजता येतात. ७० मिलिमीटरच्या भिंगातून, शहराच्या दिव्यांपासून दूर, तिथेच कित्येक डझन दिसतात.